मदत हवी आहे: भरतीच्या 1600 मीटरसाठी नायट्रेटची पावडर घ्यावी की बीटच पुरे?

खानापूरची_ताई:
धाकटा भाऊ अग्निवीरच्या मैदानाची तयारी करतोय. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर 60 पैकी 60 गुण, आणि हा पावणेसहालाच अडकलाय. अकॅडमीतल्या सरांनी सगळ्या पोरांना एक डबा घ्यायला लावलाय, "नायट्रेट आहे, दम वाढतो" म्हणून. किंमत ऐकून बाबा गप्पच झाले. डब्यावर लिहिलंय: बीटरूट एक्स्ट्रॅक्ट 500 मिग्रॅ, सिट्रुलिन, आर्जिनिन. त्यात नायट्रेट किती, ते कुठंच नाही.

त्यात अथणीकडचा त्याचा एक मित्र म्हणतो, 13-0-45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच की, खताच्या दुकानात मिळतंय, चिमूटभर पाण्यात घालून पी. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

खरंच फरक पडतो का? नुसतं बीट चालेल का, किती आणि कधी? शिवाय हिरड्या सुजल्यात म्हणून त्याला डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिल्यात. त्याने बीटाचा उपयोग जातो म्हणतात, खरं का?

टिळकवाडीचा_पळ्या:
ताई, आधी ते 13-0-45 घरात असेल तर बाहेर काढा. ते पिकावर फवारायचं खत. खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं आणि चिमटीत किती ग्रॅम येतं ते कुणाला कळतंय? नायट्रेटऐवजी चुकून नायट्राइटची पुडी हाती लागली तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच जाते, ओठ निळे पडतात, जीवही जातो. मित्राला पण सांगा.

आता बीट. बीटातलं नायट्रेट पोटात गेलं की त्यातलं काही लाळेतून परत तोंडात येतं. जिभेच्या मागच्या बाजूचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, ते गिळलं की पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड होतं. रक्तवाहिन्या सैलावतात आणि तेवढ्याच वेगाला ऑक्सिजन थोडा कमी लागतो. 2009 साली इंग्लंडातल्या एक्सेटर विद्यापीठात आठ पुरुषांना सहा दिवस रोज अर्धा लिटर बीटाचा रस दिला, तर जोरात सायकल मारताना ते जास्त वेळ टिकले. तेव्हापासून हे फॅड नाही, अभ्यासाचा विषय आहे.

गुळण्यांचं खरं आहे, ते जंतूच मरतात. पण म्हणून औषध मधेच सोडायचं नाही. कोर्स संपू दे, मग बीट.

डब्याचं म्हणाल तर 500 मिग्रॅ हे अर्काचं वजन, नायट्रेटचं नव्हे. धावणाऱ्याला एका वेळी साधारण 350 ते 500 मिग्रॅ नायट्रेट लागतं. अर्धा ग्रॅम अर्कात ते कुठनं येणार? सिट्रुलिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं, नायट्रेट नव्हेतच. तुमच्या बाबांचे पैसे वाचवा.

मैदानावरचा_मास्तर:
मी पोरं पळवतो म्हणून स्पष्ट बोलतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या 2018 च्या निवेदनात नायट्रेटला कॅफिन, क्रिएटिनच्या पंक्तीला बसवलंय, आणि चाळीस मिनिटांखालच्या शर्यतीत फायदा लिहिलाय 1 ते 3 टक्के. पावणेसहा म्हणजे 345 सेकंद. त्याचे तीन टक्के धरले तरी दहा सेकंद, आणि एक टक्का धरला तर साडेतीन. भावाला पंधरा पाहिजेत. म्हणजे उरलेलं पायानंच काढायला लागतंय.

400 ची प्रत्येक फेरी साधारण 82 सेकंदांत बसते का बघा. बहुतेक पोरं पहिली सत्तरीत मारतात आणि तिसऱ्या फेरीला फुगा फुटतो. आठवड्यातनं एकदा 400 चे तुकडे त्याच वेगात, मधे नीट विश्रांती. रोज फुल्ल पळूलाय तो? मग थांबवा त्याला.

खानापूरची_ताई:
रोजच की ओ दादा! सकाळ-संध्याकाळ. रविवार पेठेतनं बीट आणून काल रस दिला, तर आज सकाळी लघवी लाल झाली म्हणून घाबरलाय. बाबापण हौसेनं पितात, त्यांना बीपीची गोळी चालू आहे.

टिळकवाडीचा_पळ्या:
लाल होणं काहींना होतंच, घाबरायचं कारण नाही. बीट न खाताही झालं तर मात्र दाखवा. रसानं बीपी थोडं उतरतं, म्हणून बाबांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज पिऊ नये. घरात कुणाला मूतखड्याचा त्रास असेल तर त्यांनीही जपून, बीटात ऑक्झलेट भरपूर, बरेच खडे त्याचेच बनतात.

रस ताजा काढा आणि लगेच प्या. रात्री काढून बाहेर ठेवलेल्या रसात जंतू नायट्राइट बनवत बसतात. उकडून पाणी फेकलंत तर नायट्रेटही त्या पाण्याबरोबर मोरीत. पालक, राजगिरा, मुळ्यातही ते असतं, पण कशात किती हे जमिनीवर आणि खतावर ठरतंय.

खानापूरची_ताई:
बरं. आणि मैदानाच्या दिवशी? मध्यरात्रीपासनं रांगेत उभं करतात, नंबर कधी लागेल काही सांगता येत नाही.

मैदानावरचा_मास्तर:
पळायच्या दोन-तीन तास आधी घेतला तर उत्तम, पण रांगेत ते जुळत नाही. आधीचे चार-पाच दिवस रोज द्या, आणि त्या रात्री रांगेत जायच्या आधी एक ग्लास. फक्त त्या दिवशी पहिल्यांदा नको. अर्धा लिटर रसानं कुणाकुणाचं पोट ढवळतंय, ते आधी सरावाच्या दिवशी बघून घ्या.