परदेशात गावाकडं किती दिवस, शहरात किती? अनुभव सांगा

परवा भाचीचा फोन आला. फ्रान्सला निघालीय, दहा दिवस. म्हणाली, "मावशी, पॅरिस तर करणारच आहे, पण तू ते गावाकडं कुठं चार दिवस गेली होतीस, ते वसूल आहे का?" घरात तर आधीच कल्ला चालू होता. दाजींचं म्हणणं, गावच बघायचं तर पैठणला जा, इतके पैसे मोडून विमानात कशाला बसायचं? मलाही निघताना हेच ऐकवलं होतं. म्हणून हा धागा. ज्यांनी एकाच सहलीत जुना ग्रामीण भाग आणि मोठं शहर दोन्ही केलंय त्यांनी लिहा. आधी काय, नंतर काय, किती रात्री, कुठं फसलो, सगळं. 'खूप सुंदर होतं' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

सुरुवात मीच करते.

आम्ही दोघं, नऊ रात्री. चार ल्वार नदीच्या खोऱ्यात, पाच पॅरिसमध्ये. गाव आधी. पॅरिसच्या विमानतळाच्या खालूनच काही टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वेगाड्या, थेट सां-पिएर-दे-कोर नावाच्या स्टेशनला जातात. तिथून पाच मिनिटांवर मुक्कामाचं गाव तूर. उच्चार अगदी आपल्या डाळीसारखा, त्यामुळे यांना पहिल्या तासातच गाव आवडलं. पॅरिसला उतरून, ते ओलांडून, पुन्हा गाडी पकडण्याची यातायात वाचली, आणि झोपेचं गणित बिघडलेले पहिले दोन दिवस शांत जागी गेले.

शनाँसोचा महाल शेर नदीवर पुलासारखा आडवा बांधलाय. तूरहून साध्या गाडीनं अर्ध्या तासात, स्टेशन महालाच्या दाराशीच. दुसऱ्या महायुद्धात हीच नदी हद्द होती. एका काठावर जर्मन, दुसरा काठ मोकळा, आणि माणसं या महालातून पलीकडे निसटायची. ते कळल्यावर त्या लांब दालनातून चालताना फरशीचे काळे-पांढरे चौकोन बघायचं राहूनच गेलं. आंब्वाजला लिओनार्दो दा विंचीनं शेवटची वर्षं काढली, तिथंच 1519 मध्ये गेला. त्याच गावी फ्रान्सचा राजा आठवा शार्ल 1498 मध्ये दाराच्या चौकटीला डोकं आपटून मेला. आमच्या आजोळच्या वाड्यात वाकून न जाणाऱ्या प्रत्येक जावयाला आता ही गोष्ट सांगते.

पण मनात राहिली ती गुहेतली घरं. तिकडचा दगड मऊ, पांढरट. महालांसाठी तो खाणींतून काढला आणि मागे उरलेल्या पोकळीत गरीब माणसं राहायला गेली. आजही कड्यात दार, खिडकी, वर धुराडं दिसतं. वेरूळ शेजारी असलेल्या माणसाला हे बघून गंमत वाटते. आपल्याकडे आतली पोकळी कोरायची म्हणून दगड फेकला, त्यांनी दगड नेला आणि पोकळी फुकटात मिळाली.

फसलो कुठं? रविवारी संध्याकाळी. दुपारी दोननंतर जेवणाची हॉटेलं बंद होतात ती साताशिवाय उघडत नाहीत, आणि रविवारी रात्री तर बरीचशी उघडतच नाहीत. बॅगेत धपाटे होते म्हणून निभावलं. पॅरिसबद्दल काय लिहू, त्याच्यावर सगळेच लिहितात.

लातूरची थोरली सून

आम्ही पाच जण, सासूबाईंसकट. टस्कनीत पाच रात्री, रोममध्ये चार. सासूबाई माळकरी. इटलीत पार्मेझान चीज सगळीकडे भुरभुरतात आणि ते वासराच्या जठरातल्या रेनेटनं बनवतात हे मला निघायच्या आठ दिवस आधी कळलं. म्हणून शेतावरचं घर घेतलं, स्वयंपाकघरासकट. तिकडे त्याला अग्रितुरिस्मो म्हणतात. बाजारातून टोमॅटो, पालेभाजी, राजम्यासारखे पांढरे दाणे आणायचे आणि कुकर लावायचा. हो, कुकर नेला होता. हसा खुशाल.

तिकडचा पाव बिनमिठाचा असतो. माझ्या मुलांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं. सासूबाई म्हणाल्या, "भाकरीत कुठं असतंय मीठ? कालवण खारट असतंय." आणि खरंच तिकडे पावासोबतचं सगळं खारट. त्या एका वाक्यानंतर त्या बाईंना टस्कनी परकी राहिलीच नाही.

गाडी भाड्यानं घेतली होती. यांनी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून नेलं होतं, तरी चूक झालीच. जुन्या गावांच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, झेडटीएल म्हणतात. अडवायला पोलीस नाही, दोरी नाही, नुसती पाटी आणि कॅमेरा. आम्ही सरळ आत गेलो, गल्लीतल्या लोकांना हातही केले. चार महिन्यांनी घरी दंडाचा कागद आला आणि गाडीवाल्यांनी आमचा पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे कापले. गावाच्या बाहेर गाडी लावा, चालत जा. रोमला निघायच्या आधी फ्लॉरेन्सलाच गाडी परत करून टाका, पुढे वेगवान रेल्वेनं दीड तास.

रोमचं एकच सांगते. रस्त्यावर जागोजागी लोखंडी खांबाचे नळ आहेत, नाझोनी म्हणतात. पाणी पिण्याचं, फुकट आणि अखंड वाहतं. पहिला नळ दिसला तसा सासूबाईंचा हात आपोआप तोटी शोधायला गेला. तोटी नसतेच! 2016 ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा घागरींच्या रांगेत उभं राहिलेलं बाईमाणूस ते. चार दिवस प्रत्येक नळापाशी थांबून त्या हळहळत होत्या. मग एका आजोबांनी खुणेनं दाखवलं, खालचं तोंड बोटानं दाबायचं, की वरच्या भोकातून कारंजं येतं आणि वाकावं लागत नाही. ते त्यांना आवडलं, पण हळहळ गेली नाही.

(धागाकर्ती)

थोरल्या सूनबाई, सिएनाला गेला असाल तर पायाखाली काय होतं ते सांगते. त्या डोंगरावरच्या शहराला नदी नाही. मध्ययुगात त्यांनी जमिनीखाली सुमारे 25 किलोमीटरचे बोगदे खणून झिरपलेलं पाणी चौकातल्या कारंज्यापर्यंत आणलं. बोत्तिनी म्हणतात. आमच्या इथल्या मलिक अंबरच्या नहरीची थोरली बहीण म्हणा. सासूबाईंना हे सांगा, त्यांची हळहळ थोडी कमी होईल. नाहीतर वाढेल.

परभणीकर

माझा अनुभव उलटा हाय म्हणून लिहितो. आम्ही बी ल्वारलाच गेलतो, पण एकच रात्र. पॅरिसहून सकाळी निघालो, पाऊस, गाडी बदलायची, दोन लेकरं, चार बॅगा. हॉटेलवर पोचलो तर दुपारी कुणी दार उघडायला नाही. शाँबोरच्या महालाला जायला वेळेची बसच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी परत. सगळं बेजार. बायको आजून बी म्हणती, "कामून नेलं होतं तिथं?" एका रात्रीसाठी गावाकडं जाऊ नका. लहान लेकरं असतील तर शहरातच एका खोलीवर ऱ्हावा आन् वाटलं तर एक दिवस सकाळी जाऊन संध्याकाळी या. मला त्या बागा-महालांपेक्षा पॅरिसची मेट्रो लई आवडली, खोटं कशाला बोलू.

जालना, निवृत्त शिक्षक

परभणीकरांशी निम्मा सहमत. मुलगा लंडनला असल्याने आमचा क्रम शहर आधी असाच होता. तीन आठवडे लंडन, त्यात पाच दिवस कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडच्या ग्रामीण भागात. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून दीडेक तासात मोरटन-इन-मार्शला उतरलो. त्या दिवशी मंगळवार होता आणि गावात आठवडी बाजार भरला होता. मी इतिहास शिकवला, त्यामुळे चिपिंग कॅम्पडनला 1627 सालची बाजाराची खुली इमारत पाहून तिथेच बसून राहिलो. दगडी खांब, वर छप्पर, लोणी-चीज विकायला बांधलेली. फरशी इतकी झिजली आहे की पावसाचं पाणी तिच्यात साचतं. हा सगळा भाग मेंढीच्या लोकरीवर श्रीमंत झाला. बायबरीतली घरांची प्रसिद्ध ओळ मुळात लोकरीचं कोठार होती. नंतर तिथे विणकर राहू लागले. पर्यटक तिच्यासमोर फोटो काढून दहा मिनिटांत निघतात.

मला सांगायचंय ते पांदणीबद्दल. तिकडे खासगी शेतातून चालत जाण्याचा हक्क सर्वांना आहे, ठरलेल्या पायवाटेनं. पाटी असते, लाकडी फाटक असतं, आत मेंढ्या चरत असतात. तुम्ही जायचं आणि फाटक लावून घ्यायचं, एवढीच अट. पहिल्या दिवशी माझी हिंमतच होईना, कुणी काठी घेऊन धावत येईल असं वाटत राहिलं. आमच्या भावकीत एका बांधावरून 1987 पासून तारखा चालू आहेत. मी तिथे एका शेताच्या मधोमध उभा राहिलो, दूर ट्रॅक्टरवर शेतकरी होता, त्याने हात हलवला. मी बायकोला म्हटलं, हे गावी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

गाडी नसेल तर एक काळजी घ्या. रविवारी तिथल्या खेड्यांत बस जवळपास नसतेच. आम्ही तो दिवस चालण्यातच घातला.

तुतीवाला, गेवराई

माझं युरोप नाही, जपान आहे, चालेल ना ताई? पुतण्या टोकियोत नोकरीला. त्यानं बोलावलं. मी त्याला आधीच सांगितलं, मला टोकियो नुसतं दाखव, पण तीन दिवस खेड्यात ने. त्यानं शिराकावा-गोला नेलं, ताकायामा गावाहून बसनं तासाभराच्या आत. मोठ्या बॅगा आम्ही नेल्याच नाहीत. तिकडे ताक्यूबिन म्हणून सोय आहे, बॅग इथून द्यायची, ती पुढच्या मुक्कामी आपल्या आधी पोचते. परभणीकर भाऊ, तुमचं निम्मं दुखणं ह्या एका गोष्टीनं गेलं असतं.

घरं अशी, की छप्पर जवळपास जमिनीपर्यंत उतरलेलं, गवताचं, दोन्ही हात जोडल्यासारखं उभट. 'गाश्शो'चा अर्थच हात जोडणं. बर्फ साचू नये म्हणून तो उतार. हे सगळे सांगतात. मला कुणी सांगितलं नव्हतं ते वर माळ्यावर चढल्यावर दिसलं. त्या माळ्यांवर रेशमाच्या अळ्या पाळायचे! आमच्याकडं दोन एकर तुती आहे, शेड आहे, अळ्यांनी कोश विणायच्या चंद्रिका आहेत, मला काय झालं असेल विचारा. दोन-तीन मजली माळा, जमीन फटीफटींची. खाली घराच्या मधोमध चूल पेटलेली, तिची ऊब फटींतून वर. दोन्ही टोकांना खिडक्या, हवा आरपार. आम्ही ऊन-थंडी सांभाळायला पोती भिजवतो, पंखे लावतो, थर्मामीटर टांगतो. त्यांनी घरच तसं बांधलं. वर धुरानं लाकूड आणि दोर टिकतात, कीड लागत नाही. छपराच्या सांगाड्याला खिळा नाही, सगळं दोरानं आवळलेलं.

छप्पर बदलायचं झालं तर अख्खं गाव येतं. त्याला 'युई' म्हणतात. पुतण्या गुगलवर इंग्रजी वाचून समजावत होता. मी म्हटलं राहू दे, ही तर इर्जिक. आमच्या आजोबाच्या वेळेला होती, आता रोजंदारीशिवाय कुणी बांधावर येत नाही. एका घराचं नाव 'वादा' निघालं, मी वाडाच वाचला.

तिथं रात्री राहायलाच पाहिजे. दुपारी गर्दी एवढी की जत्राच. चारच्या बसनं सगळे गेले की मग पाण्याचा आवाज ऐकू येतो. टोकियोत नंतर चार दिवस होतो. पुतण्यानं उंच इमारतीवर नेलं, खाली दिवेच दिवे. माझं डोकं मात्र त्या माळ्यावरच. येणाऱ्या बॅचच्या आधी शेडच्या दोन्ही टोकांना खिडक्या पाडायच्या ठरवल्या आहेत. गवंडी म्हणतो, भिंत कमकुवत होईल.

(धागाकर्ती)

तुतीवाले दादा, चालेल काय, पळेल! खिडक्या पाडल्या की बॅच कशी गेली ते इथेच लिहा.

दोघींनी धपाट्यांचं विचारलंय. ज्वारी, बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा, तिखट. दही घालू नका, युरोपात बाहेरून दूधदुभत्याचे पदार्थ न्यायला मनाई आहे. नुसत्या पाण्यात मळा, तेल जरा सढळ, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय बांधू नका. भाचीला पंधरा सांगितलेत. रविवार एकच येतो, पण दाजींनी ऐनवेळी बरोबर यायचं ठरवलंय.