डॉसबॉक्समधील टर्बो सी++ मध्ये कंट्रोल-एफ१ दाबल्यावर फंक्शनची मदत उघडत नाही

प्रश्न : प्रयोगशाळा साहाय्यक, परळ

नमस्कार. मी परळच्या एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. आमच्याकडे पदविकेच्या विद्यार्थ्यांची सी आणि कॉम्प्युटर ग्राफिक्सची प्रात्यक्षिके अजूनही टर्बो सी++ ३.० या डॉसच्या काळातील कोड लिहिण्याच्या आणि चालवण्याच्या साधनावर होतात, आणि संगणक ६४ बिट विंडोजचे असल्यामुळे ते डॉसबॉक्स ०.७४ मध्ये, म्हणजे जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवावे लागते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी प्रयोगशाळेतले इंटरनेट बंद ठेवतात, त्यामुळे एखाद्या फंक्शनचे पॅरामीटर आठवले नाहीत तर विद्यार्थ्यांना आधार उरतो तो फक्त टर्बोमधल्या मदतीचा, आणि नेमकी तीच मिळत नाही. इनिटग्राफ (ग्राफिक्स सुरू करणारे फंक्शन) या शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफ१ दाबले, की फंक्शनचे पान येण्याऐवजी टर्बोची निळी खिडकी जाते आणि तिथे कीबोर्डच्या बटणांचा नकाशा दिसू लागतो. नुसते एफ१ दाबले तर मदत येते, पण ती एडिटर कसा वापरावा याची असते. टर्बोचे संपूर्ण फोल्डर नव्याने कॉपी करूनही फरक पडला नाही. मदतीची फाइल खराब असू शकते का? परीक्षा तोंडावर आली आहे, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : अंधेरीतील एक सॉफ्टवेअर अभियंता

मॅडम, फाइल खराब नाही. नुसत्या एफ१ ने मदत उघडते आहे, याचा अर्थ टीसीहेल्प.टीसीएच ही फाइल बिन फोल्डरमध्ये टीसी.ईएक्सईच्या शेजारी जागेवर आहे आणि टर्बोला ती वाचताही येते आहे. अडचण अशी, की कंट्रोल-एफ१ टर्बोपर्यंत पोहोचतच नाही. डॉसबॉक्सने ही जोडी स्वतःच्या की-मॅपरसाठी, म्हणजे कोणत्या बटणाने काय व्हावे हे ठरवण्याच्या पडद्यासाठी, राखून ठेवली आहे, आणि तुम्हाला दिसतो तो नकाशा म्हणजे तोच मॅपर. तो वाटेतच की उचलतो, त्यामुळे टर्बो कितीही वेळा नव्याने टाकले तरी काही होणार नाही.

नकाशा उघडल्यावर डॉसबॉक्सच्या स्वतःच्या क्रियांच्या गटात ‘मॅपर’ असे बटण दिसेल, त्यावर क्लिक करा. खाली मॉड१, मॉड२ आणि मॉड३ असे चौकोन येतील. मॉड१ म्हणजे कंट्रोल आणि मॉड२ म्हणजे आल्ट. मॉड१ वर आधीच खूण असेल, ती तशीच ठेवून मॉड२ वरही खूण करा, मग ‘सेव्ह’ आणि ‘एक्झिट’ दाबा. आता मॅपर कंट्रोल-आल्ट-एफ१ ने उघडेल आणि साधे कंट्रोल-एफ१ टर्बोला मिळेल.

तिथे आहातच तर ‘शटडाउन’ या बटणाचेही असेच करून टाका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. टर्बोमध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे प्रोग्राम चालवणे आणि डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे काहीही न विचारता डॉसबॉक्स बंद करणे. परीक्षेत एखाद्या मुलाने फाइल सेव्ह न करता ते दाबले तर त्याने लिहिलेला सगळा कोड जातो. कंट्रोल-एफ७ आणि कंट्रोल-एफ८ या जोड्यांचाही असाच संघर्ष आहे. टर्बोत त्या वॉच (व्हेरिएबलच्या किमतीवर नजर ठेवणे) आणि ब्रेकपॉइंट (ठरावीक ओळीवर प्रोग्राम थांबवणे) यांसाठी आहेत, तर डॉसबॉक्समध्ये फ्रेमस्किप, म्हणजे पडद्यावरील किती चित्रे गाळायची ते, कमी-जास्त करण्यासाठी.

उत्तर : निवृत्त अध्यापक, मुलुंड

वरील निदान बरोबर आहे. मॅपरला हात लावायचा नसेल तर आणखी एक वाट आहे. टर्बोच्या ऑप्शन्स मेनूत एन्व्हायर्नमेंट आणि त्यात माउस उघडावे, आणि उजव्या बटणासाठी ‘टॉपिक सर्च’ निवडावे. मग शब्दावर उजवे क्लिक केले की कंट्रोल-एफ१ चेच काम होते. हा बदल टिकावा म्हणून ऑप्शन्समधील ‘सेव्ह’ वापरावे. माउस डॉसबॉक्सच्या खिडकीत अडकला तर कंट्रोल-एफ१० ने तो मोकळा होतो, हेही विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवावे.

ही मदत नेमके काय शोधते, तेही विद्यार्थ्यांना समजावून द्यावे असे मला वाटते. आजची साधने आधी कोड समजून घेतात आणि मग नावाचा संबंध लावतात. टर्बो मात्र कर्सरखालचा शब्द उचलून अनुक्रमणिकेत पाहतो, एवढेच. म्हणून हेडर फाइल जोडलेली नसली तरी पान उघडते, पण शब्दात एक अक्षर चुकले तर अनुक्रमणिकाच समोर येते. तसे झाले तर आधी स्पेलिंग तपासावे. इनिटग्राफचे पान उघडले की तिन्ही पॅरामीटर दिसतात, खाली चालू शकेल असे उदाहरण असते आणि एडिट मेनूतील ‘कॉपी एक्झाम्पल’ने ते उचलता येते. त्यातला बीजीआय फोल्डरचा (टर्बोच्या ग्राफिक्स ड्रायव्हर फाइल ठेवलेल्या फोल्डरचा) पत्ता तेवढा आपल्या संगणकाप्रमाणे बदलावा लागतो, आणि तो लिहिताना बॅकस्लॅश दोनदा द्यावा लागतो. मुले सर्वांत जास्त अडखळतात ती याच ठिकाणी.

प्रश्नकर्त्या

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या लॉगिनमध्ये कंट्रोल-एफ१ आता अगदी व्यवस्थित चालते. परंतु त्याच संगणकावर विद्यार्थ्याच्या लॉगिनने डॉसबॉक्स उघडला तर पुन्हा तोच नकाशा येतो. प्रत्येक विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये जाऊन हे करणे शक्य नाही.

उत्तर : अंधेरीतील एक सॉफ्टवेअर अभियंता

ते अपेक्षितच आहे. प्रयोगशाळेसाठी ते महत्त्वाचे असल्याने मी आधीच सांगायला हवे होते. डॉसबॉक्स आपली कॉन्फिगरेशन फाइल आणि मॅपरची फाइल विंडोजच्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी, म्हणजे त्याच्या ॲपडेटा फोल्डरमधील लोकलमध्ये ठेवतो. तुमच्या लॉगिनमधल्या त्या दोन्ही फाइल सर्वांना वाचता येईल अशा एका सामाईक फोल्डरमध्ये कॉपी करा. मग कॉपी केलेली कॉन्फिगरेशन फाइल नोटपॅडमध्ये उघडून एसडीएल विभागातील ‘मॅपरफाइल’ या ओळीत मॅपर फाइलचा पूर्ण पत्ता लिहा. शेवटी डेस्कटॉपवरील डॉसबॉक्सच्या शॉर्टकटमध्ये, टार्गेटच्या पुढे, एक जागा सोडून ‘-कॉन्फ’ हा पर्याय इंग्रजी अक्षरांत लिहा आणि त्यापुढे त्या कॉन्फिगरेशन फाइलचा पत्ता द्या.

असे केल्यावर डॉसबॉक्स वापरकर्त्याची जुनी कॉन्फिगरेशन फाइल वाचत नाही. त्यामुळे माउंटच्या (टर्बोचे फोल्डर डॉसबॉक्सला ड्राइव्ह म्हणून जोडण्याच्या) आणि टर्बो सुरू करण्याच्या ओळी नव्या फाइलच्या शेवटी, ऑटोएक्झेक या सुरुवातीलाच आपोआप चालणाऱ्या विभागात, आहेत ना हे पाहून घ्या. विद्यार्थ्यांना त्या फोल्डरमध्ये फक्त वाचण्याची परवानगी द्या, म्हणजे कोणी चुकून मॅपर उघडून ‘सेव्ह’ दाबले तरी बाकीच्यांची मांडणी बदलणार नाही.