शब्दचर्चा : ‘मिलिटरी प्रोटेक्टिव्ह ऑर्डर’ला मराठीत काय म्हणावं?

शाईदौत :
अमेरिकेतल्या मराठी बायकांसाठी घरगुती हिंसाचारावरचं एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. त्यातला एक भाग नवरा तिथल्या सैन्यात असेल तर काय, यावर आहे. ‘मिलिटरी प्रोटेक्टिव्ह ऑर्डर’ म्हणजे त्या सैनिकाच्या कमांडरने काढलेला हुकूम : बायकोच्या जवळ जायचं नाही, फोन-मेसेज करायचा नाही, घरी पाऊल टाकायचं नाही. मी ‘लष्करी संरक्षण आदेश’ असं केलंय. पुढचं वाक्य आहे, ‘या आदेशाच्या अंमलबजावणीत नागरी पोलीस सहकार्य करतात.’ चालेल ना?

कोर्टकचेरी :
‘संरक्षण आदेश’ आपल्याकडे रुळलेला आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तोच शब्द, अर्ज नेऊन देणारा ‘संरक्षण अधिकारी’सुद्धा आहेच. पण आधी ‘लष्करी’ लावलंत की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संरक्षण खातं येतं. बाईंना वाटायचं, आता दाराशी बंदूकधारी जवान उभा राहणार.
दुसरी अडचण जास्त गंभीर. आपल्या कायद्यातला आदेश मॅजिस्ट्रेट देतो, आणि तो मोडला तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. इथून तिकडे गेलेल्या बाईच्या मनात ‘संरक्षण आदेश’चा हाच अर्थ पक्का असणार. तिकडचं कमांडरचं कागदपत्र या ताकदीचं आहे का?

दुभाषी :
नाही. मी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात, फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाच्या आसपासच्या कोर्टांत दुभाष्याचं काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.
हा हुकूम डीडी 2873 नावाच्या फॉर्मवर निघतो. सुनावणी नाही, वकील नाही, कमांडरची सही झाली की झालं. त्यामुळे तो तासाभरातही निघू शकतो, हे त्याचं बळ. पण तो फक्त सैनिकाला बांधतो. त्रास देणारा मुलकी, म्हणजे सैन्यात नसलेला, माणूस असेल तर कमांडर त्याच्यावर असा हुकूम काढू शकत नाही. सैनिकाने तळाबाहेर जाऊन मोडला तरी तो मोडलाच. पण ती वरिष्ठांची आज्ञा मोडणं ठरते, लष्करी न्यायसंहितेच्या कलम 90 किंवा 92 खाली. शिक्षा लष्कर देणार. गावातला पोलीस नुसत्या त्या कागदावर सर्वसाधारणपणे अटक करू शकत नाही.
कारण साधं आहे. एका राज्याच्या कोर्टाचा संरक्षण आदेश दुसऱ्या राज्यात मानायचा, हा नियम अमेरिकेच्या 1994 च्या केंद्रीय कायद्याने आला. पण तो कोर्टाच्या आदेशांसाठी, आणि समोरच्याला नोटीस व बाजू मांडायची संधी मिळायला हवी. कमांडर कोर्ट नव्हे. बंदूक बाळगायची केंद्रीय बंदीसुद्धा सुनावणी होऊन निघालेल्या कोर्टाच्या आदेशालाच जोडलेली आहे.
उलट दिशेने मात्र रस्ता मोकळा. 2002 च्या कायद्यानुसार मुलकी कोर्टाचा आदेश लष्करी तळावरही पूर्ण चालतो.

शाईदौत :
मग ‘सहकार्य’ म्हणजे नेमकं काय उरलं? मूळ इंग्रजीत तर तोच शब्द आहे.

दुभाषी :
प्रामुख्याने कळवाकळव. 2007 च्या अखेरीस नॉर्थ कॅरोलिनातल्याच कॅम्प लेज्यून तळावरच्या एका तरुण मरीन (नौसैनिक दलातल्या) बाईचा खून झाला. तिच्यापासून लांब राहा असा हुकूम ज्या सहकाऱ्याला मिळाला होता, त्याच्यावरच पुढे खुनाचा गुन्हा शाबीत झाला. तिच्या राज्यातले, ओहायोचे खासदार मायकल टर्नर यांनी रेटा लावला आणि 2008 मध्ये दोन गोष्टी कायद्यात आल्या. एक, हुकूम आपोआप संपत नाही, कमांडरने रद्द करेपर्यंत किंवा दुसरा काढेपर्यंत टिकतो. दोन, संबंधितांपैकी कुणी तळाबाहेर राहत असेल तर मुलकी यंत्रणेला कळवलंच पाहिजे. नंतरच्या दुरुस्तीत सैनिकाच्या युनिटच्या कमांडरवर हे कळवण्यासाठी सात दिवसांची मुदत आली.
हे हुकूम आता एफबीआयच्या देशव्यापी गुन्हे-नोंदीतही चढतात. रात्री गाडी थांबवून नाव टाकलं की पोलिसाच्या स्क्रीनवर हुकूम दिसतो, आणि सोबत सूचनाही : मुलकी अधिकाऱ्यांना हा लागू करता येणार नाही असं असू शकतं, नोंद करणाऱ्या लष्करी पोलिसांना कळवा. त्याने मारहाण केली, दार फोडलं, तर तो वेगळा गुन्हा, त्यात अटक होऊ शकते.

खतावणी :
म्हणजे ‘अंमलबजावणी’ काढाच. नुसतं ‘बजावणे’ ठेवलं तर आणखी घोळ. समन्स बजावणं म्हणजे कागद हातात देणं. (ईडीतल्या ‘एन्फोर्समेंट’चं आपल्या वर्तमानपत्रांनी ‘सक्तवसुली’ करून ठेवलंय, त्या वाटेला तर जाऊच नका.)
‘लष्करी’च्या जोडीला जुना शब्द ‘मुलकी’ आहे, पण गावाकडे मुलकी म्हटलं की तलाठी आणि सातबारा आठवतो. ‘नागरी पोलीस’ही कुणी बोलत नाही. सरळ ‘गावातले पोलीस’ किंवा ‘शहर पोलीस’ लिहा.

कोर्टकचेरी :
आणि ‘संरक्षण’ऐवजी ‘मनाई’. मनाई हुकूम म्हटलं की कुणाला तरी काहीतरी करायला बंदी, हे लगेच कळतं. ‘कमांडरचा मनाई हुकूम’ : कुणी काढला तेही नावातच आलं. कोर्टाच्या कागदाला ‘कोर्टाचा संरक्षण आदेश’ राहू द्या, दोन कागद दोन नावांनी वेगळे राहतील.

शाईदौत :
‘हुकूम’ जरा दरबारी नाही वाटत? बाकी मजकुरात सगळीकडे ‘आदेश’ आहे.

खतावणी :
सैन्याच्या तोंडी हुकूमच शोभतो. शिवाय ‘आदेश’ दोन्हीकडे आला की पुन्हा गल्लत.

शाईदौत :
ठीक. असं केलंय, बघा :
‘कमांडरचा मनाई हुकूम तुमच्या नवऱ्याला पाळावाच लागतो, तळाच्या आत आणि बाहेरही. तो मोडला तर लष्कर त्याला शिक्षा करू शकतं. शहर पोलीस सहसा केवळ या हुकमावरून त्याला अटक करू शकत नाहीत. ते तळावरच्या लष्करी पोलिसांना कळवतात. जिवाला धोका असेल तर 911 ला फोन करा. पोलिसांनी अटक करावी अशी सोय हवी असेल तर कोर्टाचा संरक्षण आदेशही मागा. दोन्ही एकाच वेळी घेता येतात.’

दुभाषी :
छान. फक्त 911 चं वाक्य सर्वात वर न्या, बाकीचं वाचायला तिला सवड असेलच असं नाही. आणि दोन्ही कागदांच्या प्रती पर्समध्ये ठेवा, हेही घाला. माझ्यासमोर आलेल्या बायकांकडे बहुधा एकच असतो, आणि तो कमांडरचा.