पेन गाडीत ठेवू नका
मुलाचा एपिपेन (तीव्र अ‍ॅलर्जीत लगेच टोचायचं, एपिनेफ्रिन या औषधाचं इंजेक्शन-पेन) गाडीच्या कप्प्यात ठेवला तर चालेल का आणि आधी बेनाड्रिल (अ‍ॅलर्जीचं साधं औषध) देऊन बघावं का, असं तुम्ही विचारलंय. दोन्हीला माझं उत्तर 'नाही'. इथे टेक्सासात उन्हाळ्यात बंद गाडीची भट्टी होते आणि हे औषध २० ते २५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. फ्रीजमध्येही नको. अधूनमधून पेनवरच्या छोट्या पारदर्शक खिडकीतून आतलं औषध बघा; रंग बदलला असेल किंवा गढूळ दिसत असेल तर पेन बदलून घ्या.

बेनाड्रिलने खाज कमी होते, पण घसा सुजत असेल किंवा रक्तदाब कोसळत असेल तर एपिनेफ्रिनच लागतं.

आमच्या लेकीला दाण्यांची अ‍ॅलर्जी. मराठी घरात दाण्याचं कूट कशात नसतं! गणपतीला कुणाकडची कोशिंबीर तिने दोन घास खाल्ली आणि ओठ सुजले, आवाज बसला. माझे हात असे कापत होते की निळी टोपीच निघेना. शेवटी पेन मुठीत घट्ट धरून (अंगठा टोकावर ठेवायचा नाही) नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लेगिंग्जवरूनच दाबलं. खट्ट आवाज आला, तीन सेकंद तसंच धरलं, मग ९११ला (इथला आपत्कालीन नंबर) फोन. तिला आडवीच ठेवली, उठू दिलं नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, लक्षणं उलटू शकतात. तेव्हा दुसरा डोस लागू शकतो, म्हणून जोडीतले दोन्ही पेन कायम एकत्र ठेवा. एक शाळेत, एक घरी असं नको.

सुईविरहित सराव-पेन मिळतो, तो आजीआजोबांच्याही हातात द्या.