मदत हवी आहे: नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर ११,००० पीडीएफ आहेत, पण सर्चमध्ये काही सापडत नाही

दप्तरदाखल

नमस्कार मंडळी. एका नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर २००३ पासूनचे सर्वसाधारण सभेचे ठराव, स्थायी समितीची इतिवृत्तं, परिपत्रकं आणि निविदा सूचना मिळून साधारण ११,००० पीडीएफ चढवलेल्या आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ४(१)(क) प्रमाणे अभिलेख सूचिबद्ध करून त्यांची निर्देशसूची करायला हवी. इथे फायली जागेवर आहेत, पण ज्याला फाईलचं नाव ठाऊक आहे त्यालाच त्या मिळतात.

'घरपट्टी' टाकलं की ४ निकाल येतात, 'कर्मचाऱ्यांना' टाकलं की शून्य. ठराव क्रमांक १४७ शोधला तर १ ते १४७ मधलं काहीही येतं.

फायलींचे तीन ढीग आहेत: जुन्या फॉन्टातून केलेल्या पीडीएफ (श्रीलिपी, कृतिदेव वगैरे), कागद स्कॅन केलेल्या, आणि अलीकडच्या, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) टाइप केलेल्या वर्डमधून काढलेल्या. सर्व्हर एकच, ८ जीबी रॅम, लिनक्स. वार्षिक परवाना शुल्काचं काही मंजूर होणार नाही. सर्च इंजिन कोणतं घ्यावं: सोलर, इलॅस्टिकसर्च की आणखी काही?

बोरूबहाद्दर

इंजिनाचा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी फायलींच्या पोटात मजकूर आहे का ते बघा. पीडीएफ हाताळणाऱ्या पॉपलर नावाच्या संचात 'पीडीएफफॉन्ट्स' ही आज्ञा असते. प्रत्येक फाईलवर ती चालवून निकाल एका तक्त्यात गोळा करा.

यादी रिकामी आली तर ते निव्वळ चित्र, म्हणजे स्कॅन. फॉन्टाचं नाव कृतिदेव, शिवाजी, डीव्ही-टीटी सुरेख असं काही आलं तर तो जुना फॉन्ट. अशा फाईलमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. तुमचं इंजिन तोच चिवडा वाचतंय. त्या तक्त्यात 'युनी' नावाचा रकाना असतो, त्यात 'येस' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. जुन्या फॉन्टालाही तिथे 'येस' येऊ शकतं, कारण फाईलच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच आहेत.

स्कॅनसाठी: टेसरॅक्ट, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा (ओसीआर) प्रोग्रॅम, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र देऊन. वरून 'ओसीआरमायपीडीएफ' वापरा, म्हणजे चित्र तसंच राहून मागे मजकुराचा थर बसतो. वाकडी पानं सरळ करण्याचा आणि उलटी पानं फिरवण्याचा पर्याय चालू ठेवा. नवीन स्कॅन करणार असाल तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटांत). निव्वळ काळं-पांढरं केलं की अनुस्वार आणि रफार उडतात, आणि घ-ध, भ-म यांची अदलाबदल वाढते. हस्तलिखित नोंदवह्यांवर टेसरॅक्टचा वेळ घालवू नका. तिथे तारीख, ठराव क्रमांक आणि विषय हे तीन रकाने माणसाने टाइप केलेले बरे.

आता खरा सापळा. याच साधनात 'स्किप-टेक्स्ट' असा पर्याय आहे: ज्या पानावर आधीच मजकूर आहे ते पान सोडून द्यायचं. सगळे हाच वापरतात. पण तुमच्या जुन्या फॉन्टच्या पानांवर मजकूर 'आहे', म्हणून ती सोडली जातील आणि चिवडा तसाच राहील. त्या ढिगाला 'फोर्स-ओसीआर' लावा. त्यात पान पुन्हा चित्र बनतं, फाईल फुगते, म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवा.

खिळेजुळारी

जुन्या फॉन्टांसाठी त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर का नको? छापील मजकुराला ओसीआर म्हणजे घरात विहीर असून टँकर मागवल्यासारखं.

बोरूबहाद्दर

मूळ वर्ड किंवा पेजमेकर फाईल हाती असेल तर कन्व्हर्टरच, वाद नाही. पण पीडीएफमधून नको. प्रत्येक फॉन्टाचा तक्ता निराळा असतो. कृतिदेवचा तक्ता शिवाजीला लावला की नवाच चिवडा तयार होतो. शिवाय क्रम उलटा असतो. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी 'एफ'च्या बटणावर, ती व्यंजनाच्या आधी टाइप होते. रफार कॅपिटल 'झेड'वर, तो अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही नेमके उलट. नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, जागाही बदलाव्या लागतात. आणि मध्येच खऱ्या इंग्रजीत 'पीडब्ल्यूडी' आलं तर कन्व्हर्टर त्याचीही देवनागरी करतो. वर्ड फाईलमध्ये प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट कळतो, म्हणून इंग्रजी वगळता येतं. पीडीएफमधून नुसता मजकूर काढला की ती खूण हरवते. उलट ही पानं संगणकातून निघालेली, स्वच्छ असतात. त्यांच्यावर ओसीआर चांगला चालतो.

वेलांटी

तिसऱ्या ढिगाबद्दल कोणी बोललं नाही. युनिकोड फॉन्टची पीडीएफ म्हणजे मजकूर शुद्ध, असं नाही. जोडाक्षरं फॉन्टातल्या चित्रांच्या क्रमांकाने साठवली जातात आणि मजकूर काढताना 'निधी'ची वेलांटी न च्या आधी येऊन पडते, अर्धी अक्षरं गळतात. वर्ड फाईल जपली असेल तर इंडेक्स (शोधासाठीची शब्दसूची) वर्डमधून करा आणि वाचकाला पीडीएफ दाखवा. नसेल तर याही ढिगातल्या २० फायली कॉपी-पेस्ट करून डोळ्यांनी तपासा.

आता तुमचं 'कर्मचाऱ्यांना'. पडद्यावर सारखाच दिसणारा हा शब्द दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक: 'कर्मचाऱ्यांना', म्हणजे नुक्तावाला ऱ, मग हलंत, मग या. दोन: 'कर्मचार्‍यांना', म्हणजे साधा र, हलंत, मग डोळ्यांना न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण), मग या. कीबोर्ड बदलला की साठवण बदलते. युनिकोडचं एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एक करणारा नियम, या दोघांना एक करत नाही, नियम हातानेच लिहावा लागतो: र + हलंत + झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ + हलंत करा. उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (तशीच न दिसणारी, पण अक्षरं जोडू न देणारी खूण) त्यानंतर काढा. क्रम चुकला तर 'कर्मचार्यांना' असा रफारवाला तिसराच शब्द तयार होतो.

तसंच 'ॲ'. यासाठी स्वतंत्र अक्षर युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आलं. त्याआधीचे लोक 'ऍ' किंवा अ वर चंद्र देत, आणि अजूनही देतात. तिन्हींचं एक करा. देवनागरी आणि इंग्रजी आकडेही एक करा, नाहीतर १४७ एकीकडे आणि इंग्रजी कीबोर्डवरचा तोच आकडा दुसरीकडे. हे सगळं इंडेक्स करताना आणि शोधशब्दावर, दोन्हीकडे. एका बाजूला करून दुसरी विसरणं ही नेहमीची चूक आहे.

दप्तरदाखल

तपासलं. ३,९०० च्या आसपास फायली जुन्या फॉन्टच्या निघाल्या आणि आधीच्या कंत्राटात त्यांना स्किप-टेक्स्ट लावलेलं होतं. फोर्स-ओसीआर सुरू केलं आहे. दोन शंका: प्रत्यय कसे हाताळायचे (पाणी, पाण्याचा, पाण्यासाठी), आणि इंजिन कोणतं?

वेलांटी

११,००० फायलींना एसक्यूलाइट या एका फाईलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसचं एफटीएस५ हे शोधाचं अंग पुरतं; वेगळी सेवा चालवायला नको, बॅकअप म्हणजे एक फाईल कॉपी करणं. फक्त त्याचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) मुळात अक्षरं आणि आकडेच शब्दात धरतो, काना-मात्रा-हलंत येतात 'मार्क' या वर्गात. म्हणजे 'पाणी'चे 'प' आणि 'ण' होतात. टेबल बनवताना कॅटेगरीजमध्ये एमएन आणि एमसी हे मार्कचे दोन वर्ग जोडा. पायथनच्या 'आरई' या अक्षरांचे नमुने शोधणाऱ्या साध्या मॉड्यूलमध्येही हाच घोळ आहे, तिथे 'रेजेक्स' हे वेगळं मॉड्यूल घ्या. ट्रायग्राम, म्हणजे तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडणाऱ्या, टोकनायझरचा मोह होईल, पण त्याला किमान ३ कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं) लागतात. 'कर' हा शब्द दोनच, तो कधीच सापडणार नाही. नगरपरिषदेत 'कर' सापडला नाही तर मग राहिलं काय!

इलॅस्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीचे तयार ॲनालायझर (मजकूर शोधाजोगा करणारे संच) आहेत, मराठीचा नाही. हिंदीचा स्टेमर (प्रत्यय तोडणारा भाग) लावू नका, त्याला 'च्या', 'साठी' ठाऊक नाहीत. त्यातली हिंदी नॉर्मलायझेशनची गाळणी मात्र कामाची आहे: ती दीर्घ-ऱ्हस्व एक करते, त्यामुळे 'वीज' आणि 'विजेचा' जवळ येतात. बदल्यात 'दिन' आणि 'दीन' एकच होतात, ते चालवून घ्यायचं. एफटीएस५ घेतलंत तर हा नियम स्वतः लिहा.

खिळेजुळारी

प्रत्ययांचं मी सांगतो. पूर्ण व्याकरण बसवायला जाऊ नका. दोन पायऱ्या पुरतात.

पहिली: शेवटचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय तोडा, लांब आधी: पर्यंत, साठी, मुळे, कडून, च्या, चा, ची, चे, ना, ने, ला, त. जास्तीत जास्त दोन फेऱ्या. दुसरी: उरलेल्या शब्दाचा शेवटचा अनुस्वार, मग '्या' किंवा शेवटची मात्रा काढा, आणि शेवटी ऱ उरला तर र करा. 'पाणी'चं 'पाण', 'पाण्यासाठी'चंही 'पाण'. 'रस्ता' आणि 'रस्त्याचे' दोन्ही 'रस्त'. 'कर्मचारी' आणि 'कर्मचाऱ्यांना' दोन्ही 'कर्मचार'.

घात होतो 'ला' आणि 'त' मध्ये. आंधळेपणाने 'ला' तोडला तर 'दाखला'चं 'दाख' होतं आणि 'दाखल्यासाठी'चं 'दाखल', जुळत नाही. म्हणून हे दोन प्रत्यय तेव्हाच तोडा जेव्हा त्यांच्या आधीच्या अक्षराला मात्रा किंवा अनुस्वार आहे. मग 'दाखला', 'बंगला', 'किल्ला', 'पंचायत', 'इमारत' शाबूत राहतात आणि 'रस्त्यात', 'सभेत' तुटतात. 'महिला' आणि 'निर्यात' या नियमातूनही सुटत नाहीत, त्यांची अपवाद यादी ठेवा. 'दाखल' आणि 'दाखला' एक होतील, त्याला इलाज नाही. म्हणूनच मूळ शब्दांचा एक रकाना आणि तोडलेल्यांचा दुसरा ठेवा, मूळ रकान्याला वजन जास्त द्या.

कोरीपाटी

एवढा खटाटोप कशाला? एआयवाला अर्थानुसार शोध बसवा, प्रत्यय-बित्यय बघावंच लागणार नाही.

बोरूबहाद्दर

'घरपट्टी' विचारल्यावर 'मालमत्ता कर' आणून देईल, हे खरं. पण 'ठराव क्र. १४७' विचारलं की १४६ आणि १७४ पण तितक्याच प्रेमाने आणेल. आणि चिवडा घातला तर त्याचाही अर्थ लावून दाखवेल. आधी शब्दांचा शोध नीट करा, मग हवं तर त्याच्या जोडीला ते. घरपट्टीचं काम समानार्थी यादीनेही होतं: घरपट्टी-मालमत्ता कर, निविदा-टेंडर, प्रभाग-वॉर्ड, नाहरकत-एनओसी. 'सातबारा' मात्र यादीत टाकून भागत नाही. '७/१२' चे तिरप्या रेघेवर दोन शब्द होतात, म्हणून शब्द पाडण्याआधीच त्याचं 'सातबारा' करा. यादी मनाने लिहू नका. खिडकीवरच्या लिपिकाला लोक कोणत्या शब्दांत विचारतात ते बघा, आणि शून्य निकाल आलेल्या शोधांची नोंद दर आठवड्याला चाळा.

वेलांटी

इंडेक्स फाईलवार नको, पानवार करा. ६० पानी इतिवृत्तात वाचक हरवतो. पत्त्याच्या शेवटी पान क्रमांक जोडला की ब्राउझर थेट त्या पानावर उघडतो. निकालाखालचा उतारा मूळ मजकुरातून दाखवा, नाहीतर लोकांना 'पाण', 'रस्त' असले थोटे शब्द दिसतील. निकालाच्या पानावर भाषा मराठी असल्याची खूणही द्या. एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरला त्यावरून मराठी आवाज निवडता येतो. नुसत्या स्कॅनपुढे तो मुका असतो. ओसीआरचा थर बसला की तीच फाईल त्याला वाचता येते.

आणि प्रकाशित करण्याआधी एक तपासणी कराच. पीडीएफमध्ये आधार क्रमांकावर काळी पट्टी ओढली म्हणजे तो पुसला जात नाही. पट्टीखालचा मजकूर तसाच असतो आणि सर्चचा उतारा तो उघडा पाडेल. सलग किंवा चार-चारच्या गटातले १२ आकडे इंडेक्समध्ये शोधा. जिथे सापडतील ती पानं बाहेर काढा.

दप्तरदाखल

१२ आकड्यांची २३ पानं सापडली, बाजूला काढली. एफटीएस५ उभं केलं. 'कर्मचाऱ्यांना' आता सापडतं, पण पहिला निकाल सगळ्यात असंबद्ध आणि हवा तो शेवटच्या पानावर. वजनं बदलून पाहिली, फरक नाही.

वेलांटी

उतरता क्रम लावला असणार. एफटीएस५ चं बीएम२५ (निकाल किती जुळतो ते मोजणारं सूत्र) ऋण आकडे देतं, जितका कमी तितका जवळचा. चढता क्रम लावा.

दप्तरदाखल

तेच होतं.