अनुभव धागा: चारचौघांत बाळाला पाजताना

अबोली
काल दवाखान्यात नंबर लावून बसले होते. समोर एक कोवळी आई, बाळ रडून लाल झालेलं. तिने काउंटरवर विचारलं, पाजायला कुठे बसू? तिला बाथरूमचं दार दाखवलं. माझ्या पोटात गलबललं. एकोणीस वर्षांपूर्वी मीही धावत्या ट्रेनच्या संडासात उभ्याने पाजलंय. खांद्याला बॅग, पाठ दाराला टेकलेली, बाहेरून धडाधड थापा. लेक नीट पकडेना, मीच रडायला लागले. माझंच काहीतरी चुकतंय असं कितीतरी दिवस वाटत राहिलं. काल त्या मुलीला म्हटलं, इथेच बस, मी शेजारी बसते. बसली. कुणी काहीही बोललं नाही.
तुमचं काय झालं होतं? बाबांनी, आज्यांनीही लिहा.

रानजाई
माझं बसमध्ये. लेक तीन महिन्यांचा, ओढणी टाकली की लाथाडायचा. शेजारच्या काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं ते शेवटपर्यंत. उतरताना एवढंच विचारलं, "झोपला का?" त्यांचा चेहरा आठवत नाही, पण तो प्रश्न आठवतो.

दुपारची झोप
मला पुरुषांपेक्षा बायकांनी जास्त ऐकवलं. "बाहेर पडताना बाटली भरून घ्यायची ना!" अहो, लेक बाटली तोंडात धरत नव्हती. एकदा लाजेपायी कार्यक्रम संपेपर्यंत थांबले. दूध दाटलं, गाठी झाल्या, रात्री थंडी वाजून ताप. पुढे अँटिबायोटिक. आता कुणी "थोडं थांब की" म्हणालं तर मी ही गोष्ट पूर्ण सांगते.

शुभ्रा_बालरोग
अबोली, तुमचं काहीच चुकत नव्हतं. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन लागतं, आणि भीतीने, ताणाने तेच अडतं. बाळ ओढत राहतं, दूध उतरत नाही, मग दोघंही रडतात. आणि उलटही होतं, परक्या बाळाचं रडणं ऐकूनही पान्हा फुटतो.
"घरी पाजून निघायचं" म्हणणाऱ्यांसाठी: सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने फक्त आईचं दूध सांगते, मग वरच्या अन्नासोबत २ वर्षं आणि त्यापुढेही. म्हणजे आईने तेवढा काळ उंबरठा ओलांडायचाच नाही का?

रानजाई
परक्या बाळाचं खरंय!! लिफ्टमध्ये कुणाचं तरी रडलं आणि माझा कुर्ता भिजला.

साधा माणूस
बाबाची बाजू. बायको पाजायला बसली की मी तिच्यापुढे पहारेकऱ्यासारखा उभा. कुणी पाहिलं की मी डोळे वटारायचो. एक दिवस ती म्हणाली, तू असा उभा राहतोस म्हणूनच सगळे बघतात, शेजारी बस आणि गप्पा मार. तसं केल्यावर खरंच कुणी बघेना.

काजवा
मला दूध आलंच नाही. सगळे उपाय करून झाले. मी बागेत बाटली काढली की अनोळखी बायका विचारायच्या, अंगावर का नाही पाजत? तुम्हाला उघड्यावर पाजायची लाज होती, मला न पाजायची. धाग्याला सोडून झालं असेल तर माफ करा.

दुपारची झोप
काजवा, अजिबात सोडून नाही. त्या प्रश्नाने किती दुखतं ते कळतंय गं.

परदेशी पाखरू
स्कॉटलंडमध्ये २००५ पासून कायदा आहे, २ वर्षांखालच्या बाळाला सार्वजनिक जागी दूध पाजताना अडवणं हा गुन्हा. आइसलंडच्या खासदार उन्नुर ब्रा कोनराड्सडोटिर २०१६ मध्ये संसदेत बाळाला पाजत पाजतच भाषण करायला उभ्या राहिल्या. ऑस्ट्रेलियात खासदार लॅरिसा वॉटर्सनी २०१७ मध्ये सभागृहात पाजलं. मी ते व्हिडिओ रात्रीच्या फीडिंगला पुन्हा पुन्हा पाहिलेत. कायद्याने नजरा बदलत नाहीत हे मान्य, पण "उठा इथून" म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं.

सावली
चेनवाले फीडिंग कुर्ते कसे असतात? घ्यावेत का?

रानजाई
सावली, बटणांचे घे. चेन बाळाच्या गालाला टोचते. नाहीतर आत सैल बनियन, वर साधा टॉप. टॉप वर, बनियन खाली, पोटही झाकलेलं राहतं.

नातवंडांची आजी
मी लेकीला सारखी म्हणायचे, झाक गं, झाक. एकदा भर उन्हाळ्यात शालीखाली नातू घामाने निथळला, गुदमरून तोंड सोडून रडायला लागला. लेकीने शाल काढून माझ्या हातात दिली. बोलली काहीच नाही. मी काय झाकायला लावत होते? जेवणारं लेकरूच की. नंतर तिला तसं सांगितलं, माफीही मागितली.

ओंजळ
एका हाताने टाइप करतेय, दुसऱ्यावर लेक. सात आठवड्यांची. उद्या पहिल्यांदाच चार तासांचा ट्रेनचा प्रवास, आम्ही दोघीच. वाचून धीर आला, भीतीही वाटतेय. शाल घेऊ की नको?

नातवंडांची आजी
घे बाळा. घडी करून कोपराखाली ठेव, हात भरून येत नाही.

अबोली
ओंजळ, खिडकीची जागा मिळते का बघ. पाण्याची बाटली हाताशी ठेव, पाजायला बसलं की हमखास तहान लागते. पोचलीस की इथे लिही, मी वाट बघते.