मदत हवी आहे: पोझनान ते इस्तंबूल ट्रक, कुठल्या बाजूने जाऊ?

कोरेगावकर_८७ (शुक्रवार, संध्याकाळ)
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. पोझनानहून इस्तंबूलला माल घेऊन जायचंय. चाळीस टनी गाडी, मी एकटाच. डिस्पॅचरने नुसता पत्ता पाठवलाय आणि बुधवारी सकाळी आठला गाडी खाली झाली पाहिजे म्हणतोय. नकाशावर दोन रस्ते दिसतात. दोन्ही हंगेरीपर्यंत सारखे. पुढे एक सर्बियातून बल्गेरियात जातो, दुसरा रोमानियातून. सर्बियाचा जवळचा आहे, जवळपास सगळा मोटरवे. मी आजवर जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम एवढंच केलंय. तिकडे सीमा कधी आली नि कधी गेली कळतही नाही. कुठल्या बाजूने जाऊ? ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांनीच सांगा, आणि लवकर सांगा.

वाशीनाका
अंतर किती पडतंय? एकवीसशे किलोमीटरच्या आसपास असावं. म्हणजे आपलं मुंबई-कलकत्ता. माझ्या गाड्या वीस वर्षं त्या लाइनवर होत्या. दोन ड्रायव्हर असले की चौथ्या दिवशी गाडी कलकत्त्याजवळ धुळागढला उभी. जवळचा रस्ता धर, रात्री चालव, दिवसा झोप. रात्री रस्ता मोकळा मिळतो. बुधवार सहज होईल.

नांदेडी
काका, इथे तसं चालत नाही. मी चार वर्षं लिथुआनियाच्या गाडीवर आहे, बल्गेरियाची लाइन दोन वर्षं केली. कोरेगावकर, रस्ता नंतर ठरवू. आधी हे सांग: निघणार कधी? माल काय आहे? मागची साप्ताहिक विश्रांती कधी घेतलीस आणि किती तासांची? गाडीतला टॅको (चालवण्या-थांबण्याच्या वेळा नोंदवणारं यंत्र) नवा आहे की जुना? हे कळल्याशिवाय बुधवारबद्दल कुणीच काही सांगू शकत नाही.

मृण्मयी_ब
मी हॅम्बुर्गला कस्टम्सच्या कागदांचं काम करते. मालाचं मलाही कळायला हवं. कारखान्याचा माल असेल तर ए.टीआर. लागेल. तुर्कस्तान आणि युरोपीय संघ यांच्यात १९९५ च्या अखेरीपासून सीमाशुल्क संघ आहे, त्यामुळे त्या कागदावर आयातशुल्क लागत नाही. शेतमालाला तो चालत नाही. सीएमआर (मालासोबतची वाहतूक-पावती) आणि ट्रान्झिटचा (वाटेत शुल्क न भरता माल पुढे नेण्याचा) कागद हे वेगळे. तुमच्या हातात काय काय दिलंय?

कोरेगावकर_८७
माल मोटारीचे सुटे भाग. उद्या, शनिवारी दुपारी बारापर्यंत भरून होईल, लगेच निघणार. कागद कंपनी बघते, मला फक्त सीएमआर देतात. या आठवड्यात सोमवारी पहाटे पाचपासून गाडीवर आहे. मागच्या आठवड्यात २४ तासांची विश्रांती झाली. टॅको नवीन आहे, सीमा आपोआप नोंदवतो. आता रस्ता सांगा ना कुणीतरी.

नांदेडी
भावा, तुझ्या उत्तरातच सगळं आलं. मागच्या आठवड्यात २४ तासांवर भागवलंस, म्हणजे या वेळी पूर्ण ४५ तास घ्यावेच लागतील. सोमवारी पहाटे पाचला सुरू केलंस, तर सहा दिवस रविवारी पहाटे पाचला संपतात. त्याआधी विश्रांती सुरू झाली पाहिजे. उद्या दुपारी दोनला गाडी लावलीस तर सोमवारी सकाळी अकराला मोकळा. आणि ते ४५ तास केबिनमध्ये झोपून चालत नाहीत, मुक्कामाची सोय कंपनीने तिच्या खर्चाने करायची. मागच्या आठवड्यात कमी पडलेले २१ तासही तीन आठवड्यांच्या आत एकत्र भरून द्यावे लागतात.

उद्या निघालास तरी फार काही हाती लागणार नाही. रविवारी चेकियात दुपारी एक ते रात्री दहा ट्रकना बंदी. स्लोव्हाकियात मध्यरात्रीपासून रात्री दहापर्यंत. हंगेरीत शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत. विश्रांती बुडवून तू ब्रनोच्या आसपास कुठेतरी उभा राहशील.

वाशीनाका
एवढ्या नियमात माणूस धंदा करणार कसा? मालकाचा हप्ता कोण भरणार? आमच्या पोरांनी सलग सोळा-सोळा तास गाड्या काढल्यात.

नांदेडी
काका, माझे सख्खे मामा तसेच सोळा तास काढून नागपूरच्या पुढे उभ्या कंटेनरला मागून धडकले. आपल्याकडेही तेव्हा कायदा होता, १९६१ सालचा मोटार वाहतूक कामगारांचा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. तो पाळला असता तर मामा आज असते. इथे साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. हे सगळं टॅकोच्या कार्डावर नोंदलं जातं म्हणून मी रोज रात्री झोपतो.

वाशीनाका
मामांचं वाचून वाईट वाटलं रे बाळा. माझ्याही एका गाडीचा तसाच अपघात झालाय, ड्रायव्हर वाचला पण पाय गेला. रात्रीचं जे म्हटलं ते मागे घेतो. पण दोन ड्रायव्हर देणं मालकाचं काम आहे, एवढं तरी मान्य कर.

दर्यावर्दी
तुम्ही सगळे जमिनीवरच का अडकलाय? इटलीत ट्रिएस्ट बंदर आहे. तिथून रो-रो जहाज थेट इस्तंबूलच्या पेंडिकला जातं. अडीच दिवस गाडी जहाजात, ड्रायव्हर झोपलेला. सर्बिया नको, रोमानिया नको, सीमेवरची रांग नको. तुर्की ट्रेलर हजारोंनी याच वाटेने येतात-जातात. मी जहाजावर नोकरी केलीय म्हणून खात्रीने सांगतो.

नांदेडी
साहेब, पोझनानहून ट्रिएस्ट हजार किलोमीटरच्या वर आहे. तिथे जाईपर्यंत दोन दिवस, वर जहाजाच्या वेळा. शिवाय त्यातले बरेच ट्रेलर बिनड्रायव्हरचे जातात. याच्या कंपनीचं बुकिंग आहे का? नसेल तर सोमवारी सकाळी हा एकटा काय करणार?

दर्यावर्दी
बुकिंग कंपनीने करायला हवं होतं. पुढच्या खेपेला तरी विचार करा. जहाजावर बर्थ मिळाला तर तो वेळ विश्रांतीत धरतात, हा मुद्दा तुम्ही सोडलात.

अप्पा_तासगाव
द्राक्षं तुर्कस्तानला जातात का हो अशी ट्रकने? आमच्याकडून युरोपला कंटेनर जातो तो जेएनपीटीहून समुद्रानेच. आमची काही गाडी बांगलादेशालाही जाते, पेट्रापोलच्या सीमेवर दिवसेंदिवस उभी राहते. ड्रायव्हर तिथेच स्वयंपाक करतात. २०१५ साली थिंपूला चार देशांचा वाहतूक करार झाला तेव्हा वाटलं होतं की आपली गाडी सरळ ढाक्यात जाऊन खाली होईल. भूतानने तो मंजूरच केला नाही.

मृण्मयी_ब
अप्पा, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की लिहीन. कोरेगावकरांची वेळ कमी आहे.

ट्रान्झिटची काळजी नको. तुर्कस्तान २०१२ पासून आणि सर्बिया २०१६ पासून सामायिक ट्रान्झिट करारात आहेत, त्यामुळे पोलंडमध्ये उघडलेला एकच ट्रान्झिट इस्तंबूलपर्यंत चालतो. फक्त सीलला हात लावू नका आणि त्याचा नंबर सीएमआरवरच्या नंबराशी स्वतः जुळवून पाहा. याशिवाय पोलिश गाडीला तुर्कस्तानचं वाहतूक परमिट लागतं. ते कंपनीकडे आहे का, हे उद्या लोडिंगच्या आधी विचारा.

आता एक गोष्ट कुणीच विचारली नाही. तुमचा पासपोर्ट कुठला आहे?

कोरेगावकर_८७
ताई, पासपोर्ट भारताचाच असणार ना. पोलंडचं राहण्याचं कार्ड आहे. इथे दीड वर्ष काम करतोय, कुणी कधी विचारलं नाही.

नांदेडी
कार्ड हातात आहे की अर्ज केल्याचा नुसता शिक्का पासपोर्टवर आहे? शिक्क्यावर पोलंडमध्ये राहता येतं, बाहेर पडता येत नाही. आमच्या ओळखीच्या दोघांना याच कारणावरून सीमेवरून परत पाठवलंय. आणि कंपनीने काढलेलं चालक प्रमाणपत्र, ज्यावर तुझं नाव असतं, ते मूळ प्रत गाडीत आहे का? आपल्यासारख्या बाहेरच्या देशाच्या ड्रायव्हरला ते सोबत ठेवावंच लागतं.

कोरेगावकर_८७
कार्ड हातात आहे, पुढच्या वर्षीपर्यंत. प्रमाणपत्रही आहे.

मृण्मयी_ब
मग बल्गेरियापर्यंत अडचण नाही. रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांसाठीही पूर्ण शेंगेनमध्ये (आपसांत पासपोर्ट-तपासणी नसलेल्या देशांच्या गटात) आहेत. सर्बियातही शेंगेन देशाच्या निवास परवान्यावर प्रवेश मिळतो. एक सांगते, पोलंड सोडून बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. दीड वर्ष जर्मनी-फ्रान्स करताय, तर ते दिवस मोजले आहेत का?

खरा अडथळा तुर्कस्तान. व्हिसा आहे का?

प्रवासी_पक्षी
तुर्कस्तानचा ई-व्हिसा पाच मिनिटांत मिळतो. मी गेल्या वर्षी बायकोबरोबर काढला होता. शेंगेन कार्ड आहे म्हटल्यावर यांनाही मिळेल. उगाच घाबरवू नका.

मृण्मयी_ब
तुम्ही फिरायला गेला होतात. ई-व्हिसा पर्यटन आणि व्यापारभेटीसाठी आहे. नोकरी म्हणून ट्रक चालवत येणं त्यात बसत नाही, ड्रायव्हरचा व्हिसा दूतावासातून काढावा लागतो. कापिकुलेला, म्हणजे तुर्कस्तानच्या सीमेवर, हा माणूस भरलेल्या गाडीसह परत फिरवला गेला तर नुकसान तुमचं-माझं नाही, त्याचं होणार आहे. कृपा करून असा सल्ला देऊ नका.

प्रवासी_पक्षी
बरोबर आहे, मी ट्रकचा विचार केला नव्हता. माझा प्रतिसाद कुणी वापरू नये.

स्वप्नील_९६
नमस्कार, मला पोलंडमध्ये ड्रायव्हरची नोकरी हवी आहे. माझ्याकडे हेवी लायसन्स आहे. एजंट साडेपाच लाख मागतोय. देऊ का?

नांदेडी
स्वप्नील, एक रुपयाही देऊ नकोस. मी दिले होते, पाच महिने फोन उचलला नाही. करार कंपनीकडून थेट हातात पडला पाहिजे. आणि आपल्या लायसन्सवर इथे ट्रक चालवता येत नाही, सी-ई (ट्रेलरसह ट्रकचा) परवाना आणि कोड ९५ (व्यावसायिक ड्रायव्हरची पात्रता) इथे परीक्षा देऊन काढावे लागतात. वेगळा धागा काढ, सविस्तर लिहितो.

कोरेगावकर_८७ (शुक्रवार, रात्री उशिरा)
व्हिसा नाही. मला कुणी सांगितलंच नाही. आत्ता डिस्पॅचरला फोन केला तर म्हणाला, 'बाकीचे जातात की.' बाकीचे म्हणजे पोलिश पासपोर्टवाले. मी नाही म्हणालो तर काढून टाकतील का? घरी दोन हप्ते चालू आहेत आणि आईचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. खरं सांगतो, आता रस्त्याचं काही सुचत नाही.

नांदेडी
फोनवर बोलू नकोस, लिहून पाठव. 'माझ्याकडे तुर्कस्तानचा व्हिसा नाही आणि ४५ तासांची विश्रांती बाकी आहे, मी स्विलेनग्राडपर्यंत जाऊ शकतो', एवढंच. दंड रस्त्यावर तुझ्या हातात देतात, तेव्हा डिस्पॅचर शेजारी नसतो. स्विलेनग्राड म्हणजे सीमेच्या अलीकडचं बल्गेरियातलं शेवटचं शहर. तिथे ट्रेलर बदलायची पद्धत आहे. तुर्की किंवा व्हिसा असलेला ड्रायव्हर आपला घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) लावून पुढे नेतो. कंपनीला हे नवीन नाही.

आणि मग तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही ठरतं: रोमानिया. सर्बियाने गेलास तर होरगोशला शेंगेनबाहेर पडून कालोतिनाला परत आत यायचं, दोन्हीकडे रांग आणि कस्टम्स. रोमानियातून गेलास तर स्विलेनग्राडपर्यंत पासपोर्टचा ठसा नाही. बुडापेस्ट, सेगेड, नादलाक, तिमिशोआरा, तिथून कालाफात. २०१३ ला झालेल्या पुलावरून डॅन्यूब ओलांडून विदिन, मग सोफिया. एकूण एकोणीसशे किलोमीटरच्या आसपास. ओर्शोवा ते द्रोबेता नदीकाठचा रस्ता दुपदरी आहे, डोंगर आणि नदी यांच्यामध्ये गाडी जेमतेम मावते. विदिन-सोफियातही बराच रस्ता दुपदरी. तासाला पासष्टची सरासरी धर. एकोणतीस तास होतात. सोमवारी नऊ, मंगळवारी दहा, बुधवारी दहा. बुधवारी रात्री किंवा गुरुवारी सकाळी पोहोचशील. डॅन्यूबवरच्या जुर्जू-रूसेच्या जुन्या पुलाकडे वळू नकोस, तिथे खोळंबा होऊ शकतो.

टोलची पेटी हंगेरी आणि बल्गेरियाला चालते का बघ. रोमानियाचा रस्ताकर वेगळा भरावा लागतो. पुलाचे पैसेही वेगळे.

वाशीनाका
कोरेगावकर, मी मालक म्हणून सांगतो. ड्रायव्हरने आधी लिहून कळवलं तर मालक चिडतो, पण सोय करतो. सीमेवर गाडी अडकल्यावर कळलं तर मात्र माफ करत नाही. पाठव तो मेसेज.

कोरेगावकर_८७ (शनिवार, दुपार)
पाठवला. तासभर उत्तर नव्हतं. मग मोठ्या साहेबांचा फोन आला. ट्रेलर स्विलेनग्राडला बदलणार, तुर्की ड्रायव्हर शुक्रवारी इस्तंबूलला खाली करेल, ग्राहकाला कळवलंय. पोझनानला लॉजमध्ये खोली दिलीय, पहिल्यांदाच. दोनला गाडी लावली. ताई, दिवस मोजायला बसलो, गेल्या १८० दिवसांत बाहेरचे ८१ झालेत. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मृण्मयी_ब
जायला तीन दिवस आणि यायला तीन, म्हणजे ८७. परतीचा माल घेताना थेट पोलंडचाच मागा, जर्मनीत फिरवू नका म्हणावं. जुने दिवस रोज मागे गळत जातात, त्यामुळे तारखांची वही ठेवा.

कोरेगावकर_८७ (गुरुवार, सकाळ)
स्विलेनग्राड. काल रात्री सव्वादहाला पोहोचलो. सकाळी पाहिलं तर ट्रकची रांग सीमेपासून मागे नजर जाईल तिथवर. ट्रेलर आठला सोपवला, सील जुळवून सही घेतली. परतीला प्लोवदिवहून पोलंडचा माल मिळालाय. नांदेडी, विदिनच्या पुलाचं तिकीट परतताना बल्गेरियाच्या बाजूलाच काढायचं ना?

नांदेडी
हो, चढण्याआधी. सुट्टे युरो जवळ ठेव.